फाइल उतरते, पण लायब्ररी सापडत नाही: यूएमडी रॅपरचं वारंवार उद्भवणारं दुखणं

फाइल तीच, आवृत्ती तीच. एका प्रोजेक्टमध्ये ती मुकाट चालते आणि दुसऱ्यात कन्सोल लाल होतो: 'तारीखपट्टी इज नॉट डिफाइन्ड'. नेटवर्क टॅबमध्ये पाहावं तर फाइल २०० स्टेटस घेऊन पूर्ण उतरलेली असते. सिंटॅक्सची चूक नाही, ४०४ नाही. मग स्क्रिप्ट टॅग वर-खाली केले जातात, कॅशे साफ होते, आवृत्ती मागे नेली जाते, आणि त्यातलं काहीतरी योगायोगाने लागू पडतं. काही दिवसांनी कुणीतरी पानावर आणखी एक लायब्ररी टाकतं आणि पहिले पाढे पंचावन्न.

तारीखपट्टी हे नाव उदाहरणापुरतं. जेक्वेरीवर अवलंबून असलेली, कॅलेंडर दाखवणारी एक छोटी लायब्ररी समजा. तिच्या मूळ कोडला हात लावायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. घोटाळा असतो तो तिच्याभोवती गुंडाळलेल्या दहा-बारा ओळींत, म्हणजे यूएमडी (युनिव्हर्सल मॉड्यूल डेफिनिशन) रॅपरमध्ये. या ओळी कुणी वाचत नाही, कारण त्या बिल्ड टूलने लिहिलेल्या असतात आणि मिनिफाय झाल्यावर एका ओळीत चिरडलेल्या असतात.

रॅपर करतं काय

जावास्क्रिप्टला २०१५ पर्यंत स्वतःची मॉड्यूल पद्धत नव्हती. २००९ मध्ये सर्व्हरजेएस या नावाने एक प्रयत्न सुरू झाला, त्याच वर्षी त्याचं नाव कॉमनजेएस झालं आणि ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडने तीच पद्धत उचलली: 'रिक्वायर'ने मागवायचं आणि द्यायचं ते 'मॉड्यूल.एक्सपोर्ट्स'वर ठेवायचं. फाइल डिस्कवर आहे, लगेच वाचता येईल, हे तिथे गृहीत होतं. ब्राउझरमध्ये फाइल नेटवर्कवरून येते, तिची वाट पाहत सगळं थांबवणं परवडत नाही. म्हणून एएमडी (असिंक्रोनस मॉड्यूल डेफिनिशन) आली. तिच्यात 'डिफाइन' या फंक्शनला डिपेंडन्सींची (म्हणजे लागणाऱ्या दुसऱ्या लायब्ररींची) यादी आणि एक फॅक्टरी फंक्शन द्यायचं. सगळ्या डिपेंडन्सी आल्या की लोडर फॅक्टरी चालवतो. रिक्वायरजेएस हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा लोडर. आणि या दोन्हींच्या आधीपासून चालत आलेली पद्धत म्हणजे सरळ 'विंडो'वर एक नाव टांगून मोकळं व्हायचं.

यूएमडी रॅपर या तिन्हींना एकाच फाइलमधून खूश ठेवू पाहतं. त्याचं बाहेरचं फंक्शन लगेच चालतं. त्याला दोन गोष्टी मिळतात: 'रूट', म्हणजे ग्लोबल ऑब्जेक्ट, आणि 'फॅक्टरी', म्हणजे खरी लायब्ररी तयार करणारं फंक्शन. मग ते विचारतं: 'डिफाइन' हे फंक्शन आहे का, आणि त्यावर 'एएमडी' ही खूण आहे का? असेल तर फॅक्टरी लोडरच्या हवाली. नसेल तर 'मॉड्यूल' हे ऑब्जेक्ट आहे का, त्यावर 'एक्सपोर्ट्स' आहे का? असेल तर फॅक्टरी चालवून आलेलं फळ तिथे ठेवायचं. तेही नसेल तर 'रूट.तारीखपट्टी'मध्ये टाकायचं. काही टूल पहिले दोन प्रश्न उलट क्रमाने विचारतात. रोलअप हा बंडलर, म्हणजे अनेक फाइली जोडून एक करणारं टूल, आधी 'एक्सपोर्ट्स' तपासतो, मग 'डिफाइन'. हा क्रम पुढे कामाला येतो, लक्षात असू द्या.

म्हणजे आपण कुठे आहोत हे रॅपरला कुणी सांगत नाही, आजूबाजूला कोणती नावं पडली आहेत त्यावरून ते अंदाज बांधतं. अंदाज चुकला तरी रॅपरच्या लेखी काही बिघडलेलं नसतं. त्याने लायब्ररी कुठेतरी सुखरूप पोचवलेली असते, फक्त तुम्ही बघताय तिथे ती नसते. त्यामुळे एरर रॅपरमध्ये येत नाही, पुढे कुठेतरी भलत्याच ओळीवर येते.

आधी फांदी शोधा, मग कोडला हात लावा

तीनपैकी कोणत्या फांदीतून, म्हणजे रॅपरच्या कोणत्या अटीतून, फाइल गेली हे कळलं की निम्मं काम झालं. ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये सोर्सेस उघडा, फाइल मिनिफाय केलेली असेल तर महिरपी कंसाचं बटण दाबून ती सुटी करून घ्या, आणि रॅपरच्या पहिल्या अटीवर ब्रेकपॉइंट टाका. पान रिलोड करा. थांबलं की एकेक पाऊल पुढे जा आणि कोणत्या फांदीत शिरतंय ते बघा.

ब्रेकपॉइंटचा आग्रह एका कारणासाठी. बरेच जण कन्सोलमध्ये 'टाइपऑफ मॉड्यूल' टाइप करतात, 'अनडिफाइन्ड' उत्तर येतं आणि कॉमनजेएसची फांदी त्यांच्या यादीतून बाद होते. पण कन्सोल ग्लोबल स्कोपमध्ये उत्तर देतो. वेबपॅक या दुसऱ्या बंडलरच्या बंडलमध्ये प्रत्येक मॉड्यूल एका फंक्शनमध्ये बसवलेलं असतं आणि 'मॉड्यूल', 'एक्सपोर्ट्स' ही त्या फंक्शनला मिळालेली आर्ग्युमेंट असतात. बाहेरून ती दिसतच नाहीत. नोडमध्येही तसंच. ब्रेकपॉइंटवर थांबलेलं असताना तोच प्रश्न विचारला तर उत्तर त्या जागेच्या स्कोपमधून येतं, आणि रॅपरला जे दिसतंय तेच तुम्हाला दिसतं.

'डिफाइन' आधीच हजर आहे

स्क्रिप्ट टॅगने लावलेली लायब्ररी ग्लोबलमध्ये येत नसेल तर सगळ्यात आधी संशय इथे घ्या. पानावर कुठेतरी एएमडी लोडर बसलेला असतो. तो तुम्ही आणलेला असेलच असं नाही. मोनॅको एडिटरचा एएमडी लोडर, डोजोवर उभी असलेली एखादी नकाशाची लायब्ररी, जुन्या सीएमएसचं रिक्वायरजेएस: यापैकी कुणीही 'डिफाइन' ग्लोबलवर ठेवलं की त्यानंतर येणारी प्रत्येक यूएमडी फाइल एएमडीच्या फांदीत जाते. 'विंडो.तारीखपट्टी' कधी तयारच होत नाही.

रिक्वायरजेएस असेल तर सोबत 'मिसमॅच्ड अनॉनिमस डिफाइन मॉड्यूल' अशी एरर दिसते. डोजोच्या लोडरमध्ये 'मल्टिपलडिफाइन'. कारण एकच: रॅपर 'डिफाइन'ला नाव देत नाही. लोडरने स्वतः फाइल मागवली असती तर कोणत्या नावाने मागवली हे त्याला ठाऊक असतं, तेच नाव तो मॉड्यूलला चिकटवतो. स्क्रिप्ट टॅगने परस्पर आलेल्या फाइलला कोणतं नाव द्यायचं? रिक्वायरजेएस अशी बिननावाची नोंद रांगेत ठेवतो. पुढच्या वेळी रांग तपासताना ती सापडली की एरर देतो. पण दरम्यान दुसरं एखादं मॉड्यूल येऊन पोचलं, तर ही बेवारस नोंद त्या मॉड्यूलच्या नावावर चढू शकते. मग 'युटिल्स' मागवल्यावर हातात कॅलेंडर येतं. कोणती फाइल आधी पोचली यावर हे ठरत असल्यामुळे तुमच्या मशिनवर चालतं आणि धीम्या नेटवर्कवर फुटतं. 'कधीकधीच येते' अशी तक्रार आली की मी तरी आधी हेच तपासतो.

उपाय, माझ्या पसंतीच्या क्रमाने. लोडर तुमच्या ताब्यात असेल तर लायब्ररीही त्याच्यामार्फतच मागवा. कॉन्फिगमध्ये 'पाथ्स'मध्ये तिची नोंद करा आणि स्क्रिप्ट टॅग काढून टाका. लोडर ताब्यात नसेल तर सगळ्या यूएमडी फाइलींचे टॅग लोडरच्या टॅगच्या वर न्या. तेही जमत नसेल तर 'विंडो.डिफाइन' एका व्हेरिएबलमध्ये बाजूला ठेवायचं, 'अनडिफाइन्ड' करायचं, लायब्ररी चढू द्यायची आणि मग परत जागेवर ठेवायचं. हा जुगाड चालतो, पण साध्या, ओळीने चालणाऱ्या स्क्रिप्ट टॅगसोबतच. कुणी 'असिंक' किंवा 'डिफर' लावलं की 'डिफाइन' परत आल्यानंतर फाइल चालते आणि तुम्ही होतात तिथेच.

जेक्वेरीचं एक वेगळेपण. ती एएमडीमध्ये स्वतःचं नाव घेऊन नोंदवते आणि ते नाव सगळं इंग्रजीच्या लहान लिपीत 'जेक्वेरी' असं आहे. कॉन्फिगमध्ये तुम्ही क्यू मोठ्या लिपीत लिहिलात किंवा 'लिब/जेक्वेरी' असा पत्ता मॉड्यूलचं नाव म्हणून वापरलात तर लोडरला ती सापडत नाही. तारीखपट्टीच्या रॅपरमधल्या डिपेंडन्सीच्या यादीतही तेच लहान लिपीतलं नाव हवं.

आणि यूएमडी फाइलीला 'शिम' लावू नका. 'डिफाइन' न वापरणाऱ्या जुन्या स्क्रिप्टसाठी ती सोय आहे.

ब्राउझरमध्ये 'मॉड्यूल' किंवा 'एक्सपोर्ट्स' कुठून आले?

सर्वात प्रसिद्ध उत्तर इलेक्ट्रॉन, म्हणजे वेबच्या तंत्राने डेस्कटॉप अ‍ॅप बनवायचं साधन. खिडकीत नोड इंटिग्रेशन चालू असेल तर पानावर 'मॉड्यूल' खरोखरच असतं, जेक्वेरी कॉमनजेएसच्या फांदीतून जाते आणि 'जेक्वेरी इज नॉट डिफाइन्ड' येतं. आवृत्ती ५ पासून हे इंटिग्रेशन मुळात बंद असतं, त्यामुळे नव्या प्रोजेक्टमध्ये हा त्रास कमी. जुन्यात ते बंद करता येत नसेल तर 'विंडो.रिक्वायर' दुसऱ्या नावाने जपून ठेवा आणि 'रिक्वायर', 'एक्सपोर्ट्स', 'मॉड्यूल' ही तिन्ही लायब्ररीच्या टॅगआधी 'विंडो'वरून पुसून टाका.

दुसरं उत्तर जास्त चीड आणणारं आहे. टाइपस्क्रिप्टने कॉमनजेएस पद्धतीचं आउटपुट दिलं आणि ते थेट ब्राउझरमध्ये लावलं की 'एक्सपोर्ट्स इज नॉट डिफाइन्ड' अशी एरर येते. त्यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे वर एका ओळीत रिकामं 'एक्सपोर्ट्स' ऑब्जेक्ट जाहीर करा. एरर जाते, सगळे खूश. पण आता पानावर 'एक्सपोर्ट्स' नावाचं ग्लोबल ऑब्जेक्ट आहे आणि फक्त तेवढंच तपासणारं प्रत्येक रॅपर आपण कॉमनजेएसमध्ये आहोत असं धरून चालतं. ही ओळ सापडली तर काढा आणि टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगमध्ये मॉड्यूलचा प्रकार दुरुस्त करा.

तिसरं उत्तर कळल्यावर हसावं की रडावं समजत नाही. एचटीएमएलमध्ये ज्या एलिमेंटला आयडी असतो, ते एलिमेंट त्या नावाने 'विंडो'वरही मिळतं. आता समजा निर्यातीचे पर्याय दाखवणाऱ्या एका चौकटीला कुणी 'एक्सपोर्ट्स' असा आयडी दिलाय. 'टाइपऑफ एक्सपोर्ट्स' विचारलं की उत्तर 'ऑब्जेक्ट'! वेबपॅकच्या यूएमडी रॅपरमध्ये चार फांद्या असतात: आधी 'एक्सपोर्ट्स' आणि 'मॉड्यूल' दोन्ही ऑब्जेक्ट आहेत का, मग एएमडी, मग एकटं 'एक्सपोर्ट्स' तरी आहे का, आणि शेवटी रूट. इथे तिसरी फांदी लागते आणि लायब्ररी त्या डीआयव्हीची प्रॉपर्टी होऊन बसते. एरर नाही, इशारा नाही. कन्सोलमध्ये 'एक्सपोर्ट्स.तारीखपट्टी' लिहून बघा, बाईसाहेब तिथे बसलेल्या दिसतील. यूएमडीच्या प्रचलित साच्यांपैकी एकात 'एक्सपोर्ट्स.नोडनेम' हे स्ट्रिंग नसल्याची खात्री करणारी अट आहे, ती याचसाठी. ती अट अनावश्यक वाटून साफसफाईत उडवू नका. पण तातडीचा उपाय म्हणजे आयडी बदलणे.

'कॅनॉट सेट प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड'

इथे फांदी बरोबर लागली आहे, रूट हरवलंय. जुन्या साच्यात बाहेरच्या फंक्शनला 'रूट' म्हणून 'धिस' दिलेलं असतं. साध्या स्क्रिप्टमध्ये सगळ्यात बाहेरच्या पातळीवर 'धिस' म्हणजे 'विंडो'. ईएस मॉड्यूलमध्ये (जावास्क्रिप्टच्या स्वतःच्या, २०१५ मधल्या मॉड्यूल पद्धतीत) मात्र त्या पातळीवर 'धिस' हे 'अनडिफाइन्ड' असतं, तसं भाषेनेच ठरवलंय. टॅगला 'टाइप मॉड्यूल' लावलं किंवा ती फाइल ब्राउझरमध्ये थेट 'इम्पोर्ट' केली की रॅपरला ना 'डिफाइन' दिसतं ना 'मॉड्यूल', ते ग्लोबलच्या फांदीत उतरतं आणि 'अनडिफाइन्ड'वर नाव टांगायला जातं.

बंडलरही हा घोळ घालतात. रोलअपने यूएमडी फाइल ईएस मॉड्यूल समजून वाचली तर 'धिस' जागीच 'अनडिफाइन्ड'ने बदलतो आणि बिल्डमध्ये तसा इशारा देतो. त्या इशाऱ्याकडे काणाडोळा करू नका. कॉमनजेएसचं प्लगइन लावायचं राहिलंय असा त्याचा सरळ अर्थ. नवं जावास्क्रिप्ट जुन्या रूपात बदलून देणारा बेबलही तेच करतो. 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर बेबलमधून काढत असाल तर 'सोर्सटाइप' हा पर्याय 'अनअँबिग्युअस' ठेवा, म्हणजे इम्पोर्ट-एक्सपोर्ट नसलेली फाइल तो स्क्रिप्ट म्हणून वाचेल.

लायब्ररी तुमचीच असेल तर 'धिस'वर विसंबू नका. 'ग्लोबलधिस' असेल तर ते, नाहीतर 'सेल्फ', तेही नसेल तर 'धिस', असा क्रम लावा. 'ग्लोबलधिस' २०२० पासून भाषेच्या प्रमाणात आहे. काही जुन्या साच्यांत 'फंक्शन' कन्स्ट्रक्टरला 'रिटर्न धिस' असा मजकूर देऊन ग्लोबल मिळवलेलं दिसेल. कडक कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी असलेल्या पानावर 'अनसेफ-इव्हॅल'ची मुभा नसेल तर ते अडतं.

एवढं करूनही 'इम्पोर्ट'ने काही हाती लागणार नाही. रूट सापडलं की लायब्ररी ग्लोबलवर येईल, पण फाइलमध्ये 'एक्सपोर्ट' हा शब्दच नाही, तेव्हा 'डिफॉल्ट' नावाचं काही मिळत नाही अशी एरर येणारच. यूएमडी रॅपरला ईएस मॉड्यूलची फांदी जोडता येत नाही. 'एक्सपोर्ट' हे अटीच्या आत लिहिता येत नाही, आणि साध्या स्क्रिप्टमध्ये ते दिसलं तर पूर्ण फाइलच सिंटॅक्स एररने पडते. ईएसवाल्यांसाठी वेगळी फाइल द्यावीच लागते.

नोडमध्ये 'रिक्वायर' केलं आणि रिकामं ऑब्जेक्ट आलं

पॅकेजच्या जेसन फाइलीत 'टाइप' हे 'मॉड्यूल' केलं की त्या पॅकेजमधली '.जेएस' शेपटाची प्रत्येक फाइल नोड ईएस मॉड्यूल म्हणून वाचतो, तुमची डिस्ट फोल्डरमधली यूएमडी फाइलसुद्धा. पूर्वी अशी फाइल 'रिक्वायर' केली की नोड सरळ नकार द्यायचा, 'ईआरआर रिक्वायर ईएसएम' असं म्हणून. कटकट होती, पण निदान कळायचं. आवृत्ती २२.१२ पासून नोड ईएस मॉड्यूलही 'रिक्वायर' करू देतो. त्यामुळे आता तीच फाइल बिनबोभाट चालते, 'मॉड्यूल' न दिसल्याने लायब्ररी 'ग्लोबलधिस'वर जाते, आणि तुमच्या हातात येतं ते रिकामं नेमस्पेस ऑब्जेक्ट. नोडची आवृत्ती वाढवल्यावर लायब्ररी 'गायब' झाली असेल तर आधी जेसन उघडा.

यूएमडी फाइलीचं शेपूट '.सीजेएस' करणे हा नेहमीचा उपाय. पण तीच फाइल ब्राउझरलाही जाणार असेल तर सर्व्हर त्या शेपटाला कोणता माइम टाइप (फाइलीचा प्रकार सांगणारी खूण) लावतो ते तपासा. जावास्क्रिप्टचा नसेल आणि 'नोस्निफ' हेडर असेल तर ब्राउझर फाइल चालवत नाही. मला दुसरी वाट बरी वाटते: यूएमडी फाइली एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरमध्ये 'टाइप' म्हणजे 'कॉमनजेएस' एवढंच लिहिलेली एक छोटी पॅकेज जेसन टाका. नोड सगळ्यात जवळची जेसन मानतो. शेपूट '.जेएस'च राहतं, दोन्हीकडे चालतं.

'विंडो इज नॉट डिफाइन्ड', 'सेल्फ इज नॉट डिफाइन्ड'

वेबपॅक ४ यूएमडीच्या रूटच्या जागी 'विंडो' लिहायचा, ५ वेबसाठी 'सेल्फ' लिहितो, आणि नोडमध्ये दोन्ही नाहीत. आउटपुटमधल्या 'ग्लोबलऑब्जेक्ट' या पर्यायात 'धिस' द्या किंवा 'सेल्फ असेल तर सेल्फ, नाहीतर धिस' असं पूर्ण एक्स्प्रेशन द्या. तरीही एरर राहिली तर ती रॅपरची नाही. लायब्ररी चढता चढताच 'डॉक्युमेंट'ला हात लावतेय. तो भाग फंक्शनमध्ये ढकला.

'इज नॉट अ कन्स्ट्रक्टर' आणि 'डिफॉल्ट'चं शेपूट

ग्लोबलवर नाव आहे, पण 'न्यू तारीखपट्टी' म्हटलं की फुटतं. कन्सोलमध्ये बघितलं तर ते ऑब्जेक्ट आहे आणि आत 'डिफॉल्ट' नावाची एक प्रॉपर्टी. लायब्ररी 'एक्सपोर्ट डिफॉल्ट'ने लिहिलेली आहे आणि टूलने पूर्ण एक्सपोर्ट्स ऑब्जेक्टच बाहेर दिलंय. बेबल ५ एकटं डिफॉल्ट असेल तर ते 'मॉड्यूल.एक्सपोर्ट्स'वर स्वतःहून ठेवायचा. ६ पासून ते थांबलं, आणि जुनं वागणं परत आणणारं 'अ‍ॅड मॉड्यूल एक्सपोर्ट्स' हे प्लगइन त्यामुळेच इतकं दिसतं. वेबपॅकमध्ये लायब्ररीच्या सेटिंगखाली 'एक्सपोर्ट' म्हणून 'डिफॉल्ट' द्या. रोलअपमध्ये फक्त डिफॉल्ट असेल तर तो स्वतःच ते मोकळं करून देतो, पण सोबत एक जरी नावाचा एक्सपोर्ट आला तर पूर्ण ऑब्जेक्ट देतो.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. एखाद्या छोट्या आवृत्तीत तुम्ही सहज म्हणून 'एक्सपोर्ट कॉन्स्ट आवृत्ती' अशी एक ओळ वाढवता आणि स्क्रिप्ट टॅगने वापरणाऱ्या सगळ्यांचा कोड मोडतो. रोलअप याबद्दल इशारा देतो. यूएमडी द्यायचंच असेल तर माझं मत स्पष्ट आहे: एकतर फक्त डिफॉल्ट, नाहीतर फक्त नावाचे एक्सपोर्ट. दोन्हींची भेळ नको.

नोडमध्ये याचंच एक भावंड भेटतं: 'नेम्ड एक्सपोर्ट नॉट फाउंड'. ईएस मॉड्यूलमधून महिरपी कंस वापरून यूएमडी लायब्ररीतलं एक फंक्शन मागितलं की ही येते. कॉमनजेएस फाइलीत कोणती नावं आहेत हे नोड ती चालवण्याआधी मजकूर चाळून ओळखतो. 'एक्सपोर्ट्स.अमुक' असं सरळ लिहिलेलं त्याला समजतं, रॅपरमधलं 'मॉड्यूल.एक्सपोर्ट्स म्हणजे फॅक्टरी चालवून जे येईल ते' हे समजणार कसं? वापरणाऱ्याने आधी डिफॉल्ट इम्पोर्ट करून पुढच्या ओळीत त्यातून फंक्शन काढून घ्यावं. लायब्ररीवाल्याने एक छोटी '.एमजेएस' फाइल द्यावी, जी यूएमडी फाइल इम्पोर्ट करून तीच नावं पुन्हा एक्सपोर्ट करते. ईएससाठी वेगळं पूर्ण बिल्ड दिलं आणि कुणी एकाच अ‍ॅपमध्ये 'रिक्वायर' आणि 'इम्पोर्ट' दोन्ही केलं, तर मेमरीत लायब्ररीच्या दोन प्रती तयार होतात आणि एकीचं ऑब्जेक्ट दुसरीच्या 'इन्स्टन्सऑफ'मध्ये नापास होतं. छोट्या फाइलीच्या वाटेने प्रत एकच राहते.

डिपेंडन्सीची नावं जुळत नाहीत

'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड, रीडिंग एफएन'. 'एफएन' दिसलं की जेक्वेरी मिळालेली नाही हे ओळखावं. ग्लोबलच्या फांदीत रॅपर 'रूट.जेक्वेरी' वाचून फॅक्टरीला देतं, ते आहे की नाही हे तपासत नाही. जेक्वेरीचा टॅग खाली असेल तर 'अनडिफाइन्ड' आत जातं आणि एरर लायब्ररीच्या पोटात कुठेतरी फुटते.

टॅगचा क्रम बरोबर असूनही हे होत असेल तर नावं पाहा. एकाच डिपेंडन्सीला प्रत्येक फांदीत वेगळं नाव असू शकतं: लोडॅश पॅकेज म्हणून 'लोडॅश', ग्लोबल म्हणून नुसता अंडरस्कोर, रिअ‍ॅक्ट-डॉम ग्लोबलवर 'रिअ‍ॅक्टडॉम'. वेबपॅकच्या 'एक्सटर्नल्स'मध्ये (बंडलबाहेर ठेवायच्या डिपेंडन्सींच्या यादीत) नुसती स्ट्रिंग दिली तर तो तेच नाव सगळीकडे वापरतो आणि 'रूट.लोडॅश' शोधतो, जे कधीच नसतं. तिथे 'कॉमनजेएस', 'कॉमनजेएस२', 'एएमडी' आणि 'रूट' अशी चारही नावं असलेलं ऑब्जेक्ट द्या. रोलअपमध्ये 'ग्लोबल्स' भरा. ते रिकामं असेल तर तो नावाचा अंदाज करतो आणि 'गेसिंग' असं कबूलही करतो.

एक्सटर्नल म्हणून सांगायलाच विसरलात तर उलटा त्रास: डिपेंडन्सी तुमच्या फाइलीत कोंबली जाते आणि पानावर तिच्या दोन प्रती होतात. रिअ‍ॅक्टमध्ये याचं रूप 'इन्व्हॅलिड हुक कॉल'. जेक्वेरीत प्लगइन एका प्रतीला चिकटतं आणि तुम्ही दुसरीला हाक मारता.

एक किरकोळ पण खरी गोष्ट: फाइली एकामागे एक जोडून बंडल करत असाल आणि आधीच्या फाइलीच्या शेवटी सेमिकोलन नसेल, तर रॅपरचा सुरुवातीचा कंस आधीच्या एक्स्प्रेशनला चिकटून फंक्शन कॉल होतो आणि 'इज नॉट अ फंक्शन' येतं. काही रॅपरच्या अगदी सुरुवातीला सेमिकोलन दिसतो तो त्यासाठी.

यूएमडी हवंच का?

लायब्ररी नवी असेल आणि वापरणारे सगळे बंडलरवाले असतील तर नको. रिअ‍ॅक्टने आवृत्ती १९ पासून यूएमडी बिल्ड बंद केले आहेत. त्याचा एक परिणाम ध्यानात घ्या: तुमची यूएमडी फाइल 'रूट.रिअ‍ॅक्ट'वर विसंबून असेल तर नव्या आवृत्तीसोबत ते नाव ग्लोबलवर आपोआप येणार नाही, आणि तुमचं रॅपर कितीही निर्दोष असलं तरी ग्लोबलची फांदी कोरडीच राहील. स्क्रिप्ट टॅगने वापरणारे मोजके असतील तर त्यांना फक्त ग्लोबलवर ठेवणारा आयआयएफई (लगेच चालणाऱ्या एका फंक्शनचा) बिल्ड द्या. तो प्रश्नच विचारत नाही, त्यामुळे चुकीचं उत्तरही मिळत नाही. एएमडीवाले ग्राहक अजून असतील, जुन्या मोठ्या सिस्टिम्समध्ये ते असतात, तर मात्र यूएमडी ठेवा.

ठेवणार असाल तर प्रत्येक रिलीजआधी बिल्ड झालेली फाइल, स्रोत नव्हे, पाच ठिकाणी चालवून पाहा: नुसत्या स्क्रिप्ट टॅगचं पान, रिक्वायरजेएसचं पान, नोडमध्ये 'रिक्वायर', नोडमध्ये 'इम्पोर्ट', आणि एका बंडलरमधून. प्रत्येक ठिकाणी एवढंच तपासायचं की अपेक्षित नावावर फंक्शन आहे का. पहिल्या पानावर एक रिकामा डीआयव्हीही ठेवा, आयडी 'एक्सपोर्ट्स'. ही चाचणी बिल्डच्या स्क्रिप्टला जोडून टाका. रोलअप किंवा वेबपॅकची मोठी आवृत्ती बदलली की रॅपरचा साचाही बदलू शकतो, आणि चेंजलॉगमधली ती ओळ वाचायला कुणाला सवड नसते.